गुळाचं फज

दूध फाटलं तेव्हा घरात मी एकटी होते, आणि ते फाटलंय हे मला कळलं नाही. ओट्यावर ऑफिसच्या प्रिंटरवर गुपचूप छापून आणलेली रेसिपी होती. तिच्यात लिहिलं होतं की मिश्रण 'ग्रेनी' वाटलं तर थोडं दूध घालून पुन्हा उकळावं. कढईत तपकिरी पाणी होतं आणि त्यात बारीक कण गरगरत होते. ग्रेन म्हणजे कण. शब्द माझ्या ओळखीचा होता, म्हणून मला वाटलं की काय झालंय तेही मला कळलंय. मी दूध घातलं. कण वाढले. मी आणखी घातलं.

रविवारची दुपार होती. आई कसब्यात तिच्या मावसबहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेली होती. मंगळवारी सकाळी साडेअकराला मला एका अमेरिकन बाईसमोर पंधरा मिनिटं बसायचं होतं. माझी नोकरी राहते की जाते हे त्या पंधरा मिनिटांत ठरणार होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

म्हणजे मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत मी इंग्रजीतच शिकले. व्याकरण चोख, उच्चार स्वच्छ, निबंधाला दरवर्षी बक्षीस. पण माझं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, घरात बसून राहणारं. चार माणसं समोर आली की माझा घसा आतून मिटायचा. वाक्य डोक्यात पूर्ण तयार असायचं, अगदी पूर्णविरामासकट, आणि तोंडापर्यंत येईस्तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगला होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि प्रत्येक चुकीचा रिपोर्ट लिहायचा. कुठे बिघडलं, कसं बिघडलं, पुन्हा बिघडवून बघायचं असेल तर काय करायचं. हे काम मला मनापासून आवडायचं. त्यात बोलावं लागत नव्हतं. आमचा क्लायंट म्हणजे अमेरिकेतली एक विमा कंपनी, आणि तिच्या बाजूने आमच्याकडून काम करून घेणारी ती बाई. रोज संध्याकाळी सातला तिच्याशी फोनवर मीटिंग असे. टेबलाच्या मधोमध फोन ठेवून आम्ही अकरा जण भोवती बसायचो आणि बोलायचा फक्त आमचा टीम लीड.

तो अमरावतीचा. मराठी शाळेत शिकलेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याच्या इंग्रजीत काळ, वचन, लिंग सगळे आपापल्या मर्जीने यायचे आणि त्याला त्याचं काहीही वाटत नसे. मी शोधलेल्या चुका तो तिला सांगायचा. सुरुवातीला त्याने मला दोनदा बोलायला लावलं होतं. दोन्ही वेळा मी इतकी गप्प राहिले की पलीकडून ती 'लाइन कट झाली का' असं विचारत राहिली. तेव्हापासून त्याने मला त्यातून सोडवलं. माझे रिपोर्टही त्याच्याच नावाने जायला लागले, कारण प्रश्न आले की उत्तरं त्यालाच द्यावी लागायची. "म्यूट मॅडम, तू शोध, मी ओरडतो," तो म्हणायचा. मला ते उपकारच वाटत.

त्या वर्षी अमेरिकेतल्या बँका बुडत होत्या आणि आमच्याकडे रोज कुठल्या ना कुठल्या मजल्यावरच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. डिसेंबरच्या आरंभी आम्हाला सांगण्यात आलं की अकरातले सहाच राहतील. बाकीच्यांनी महिनाभर दुसरं काम मिळतंय का बघायचं आणि नाही मिळालं तर राजीनामा द्यायचा. ते सहा कोण, हे ती बाई स्वतः पुण्यात येऊन, प्रत्येकाला पंधरा मिनिटं भेटून ठरवणार होती. तिच्या दृष्टीने मी अस्तित्वातच नव्हते. तिने माझा आवाज कधी ऐकला नव्हता आणि माझं नाव कुठल्याही रिपोर्टवर नव्हतं.

नोकरी जाण्याची भीती सगळ्यांनाच होती. माझी थोडी वेगळी होती. नाशिकचं एक स्थळ आमच्या दारात चार महिने थांबलेलं होतं. मुलाचा स्वतःचा कारखाना, घर मोठं, आणि 'मुलीने नोकरी नाही केली तरी आमची हरकत नाही' हे त्यांचं वाक्य आई सर्वांना कौतुकाने सांगायची. मी नाही म्हणून भांडू शकत नव्हते. मी फक्त म्हटलं होतं की नोकरी चालू आहे तोवर थांबू. आईने ते कबूल केलं होतं. नोकरी संपली की माझ्याकडे नाही म्हणायला दुसरं काही उरत नव्हतं. मी पाहुण्यांसमोर बसले असते, गप्प, आणि गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने लावला असता.

फजचं मला फोनवर कळलं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी कुणीतरी यायचं बाकी होतं आणि ती बाई वेळ घालवायला बोलत होती. तिची आई दरवर्षी नाताळच्या आधी ब्राउन शुगरचं, अक्रोड घातलेलं फज करायची. या वर्षी आई वृद्धाश्रमात होती, तिचे हात चालत नव्हते, आणि ही इकडे पुण्यात येणार होती. "म्हणजे या वर्षी फज नाही," असं म्हणून ती हसली. टेबलाभोवतीचे सगळे हसले. तिचं हसणं मला हसण्यासारखं वाटलं नाही, ते मी ऐकून ठेवलं.

मग अकरातल्या सहाचं जाहीर झालं आणि मला फजखेरीज काही सुचेना. बोलता येत नाही, तर निदान डबा पुढे करता येईल. ही लाच आहे हे मला कळत होतं. तरी मी कामाला लागले. लोणावळ्याचं चॉकलेट-अक्रोड फज पुण्यात कुणालाही आणता येतं, त्याचा उपयोग नव्हता. मला तिच्या आईचं हवं होतं.

कोथरूडमधल्या आमच्या वाण्याकडे मी ब्राउन शुगर आहे का विचारलं. त्याने वर न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पोहे बांधले आणि म्हणाला, "ती पोलीस चौकीत मिळते. रस्त्यापलीकडे." दुकानातले चौघे हसले. मला मागे फिरायचं होतं, पण मी तिथेच उभी राहिले. मग त्यालाच दया आली असावी. "साखरेला रंग कशाला हवाय? गूळ न्या. रंग आहे, साखर आहे." मला ते पटलं. नेटवरही कुणीतरी तसंच लिहिलं होतं. मी अर्धा किलो गूळ घेतला, अक्रोड आणि लोणी घेतलं, आणि रविवारी आई जिन्यावरून उतरल्याबरोबर कढई चढवली.

पाच वाजता आई आली तेव्हा कढईत एक राखाडी-तपकिरी चोथा होता आणि मी तो अजून ढवळत होते.

"काय जळतंय?" डोक्यातला गजरा काढत ती स्वयंपाकघरात आली.

"फज करतेय."

"लोणावळ्याचं असतं ते?" तिने कढईत वाकून पाहिलं. "हे फाटलंय."

"फाटलं नाही. ते तसं होतं कधीकधी. कागदात लिहिलंय."

"उकळत्या दुधात गूळ घातलास?"

"हो."

"मग?"

"मग आणखी दूध घातलं."

"थांबलीस का पण?" आई म्हणाली. "डेअरी उघडली असेल आता."

एरवी मी खोलीत निघून गेले असते. त्या दिवशी मी ओट्याला टेकून रडायला लागले. आवाज न करता रडायची मला सवय आहे, पण तेव्हा आवाजही आला. आई दचकली. उलथनं माझ्या हातातून काढून घेत तिने गॅस बंद केला आणि मला स्टुलावर बसवलं. मग मला सांगावंच लागलं. अकरा माणसं, सहा जागा, ती बाई, पंधरा मिनिटं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी मी 'काम जास्त आहे' एवढंच सांगत आले होते.

ती ऐकत होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी हे चुकीच्या माणसाला सांगतेय. माझी नोकरी गेली तर तिचंच काम सोपं होणार होतं. नाशिकला फोन करायला तिला फक्त हेच हवं होतं.

"म्हणजे मंगळवारी तू त्या बाईसमोर बसणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि बोलणार नाहीस."

मी ओढणीने नाक पुसलं.

"पाहुणे आल्यावर बसतेस तशी."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं की सहज, मला आजही ठरवता येत नाही. ती उठली. कढईतला चोथा तिने एका पातेल्यात काढला आणि म्हणाली, "साडी बदलून येते. तोवर ही घासून ठेव. आणि गूळ किती उरलाय बघ."

क्षणभर माझ्या मनात आलं की ती मुद्दाम बिघडवेल. स्वतःच्या आईबद्दल असा विचार केल्याचं मी पहिल्यांदाच लिहितेय. मी कढई घासत होते आणि ती आतून कपाटाचं दार लावत होती, तेवढ्या वेळापुरता तो विचार खरा होता.

गाऊन घालून, केस वर बांधून ती आली. "कागदात पाकाचं काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. सॉफ्ट बॉल. थेंब गार पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी व्हायला हवी.

"गोळीबंद," आई म्हणाली. "त्यासाठी एवढा कागद?"

तिने गुळात दोन चमचे पाणी घातलं आणि लोणी टाकलं. दूध नाहीच. पाक फसफसून वर यायला लागला तेव्हा गॅस बारीक केला आणि वाटीत गार पाणी घेऊन मला जवळ उभं केलं. पहिला थेंब पाण्यात पसरला. दुसरा तळाशी जाऊन तार धरून राहिला. तिसऱ्याला तिने बोटांनी गोळा केलं, आणि ती गोळी माझ्या तळहातावर ठेवली. गार, मऊ, दाबली की चपटी होणारी. "हे लक्षात ठेव. यापुढे गेलं की दगड." कढई उतरवून तिने ती पाच मिनिटं नुसती बाजूला ठेवली. मग दूध पावडर चाळून घातली, भाजलेले अक्रोड घातले आणि मला घोटायला लावलं. हात भरून आले. चकाकी जाऊन मिश्रण निस्तेज होईपर्यंत थांबायचं नाही, असं तिने बजावलं होतं. चकाकी गेली. तूप लावलेल्या ताटात तिने ते थापलं.

मग ती वेलदोड्याची डबी उघडू लागली.

"आई, नको."

"वेलची नाही तर त्याला काय अर्थ?"

"त्यांच्यात नसते."

"नसते," ती डबी हातात धरून म्हणाली. डबी परत ठेवताना तिचा चेहरा असा झाला होता जसा नाशिकच्या फोनवर 'अजून कळवते' म्हणताना व्हायचा. त्याच रात्री जेवताना तिने एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "चांगलं झालंय. तुझं काम होईल." त्या स्थळाचं नावही तिने त्या आठवड्यात काढलं नाही.

मंगळवारी सकाळी टीम लीडने माझ्या टेबलावरचा डबा उघडला. तो कुणाचाही डबा उघडत असे.

"वडी?"

"फज आहे. तिच्यासाठी."

तो एकदम गंभीर झाला. त्याने एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला, आणि ठेवून दिला. "भारी आहे ना. पण तू काय म्हणशील तिले? डबा धरून उभी राहशील पुतळ्यासारखी. दे, मी देतो. माझा नंबर दहाला आहे. सांगतो तुझ्याकडून आहे म्हणून."

"नको. मी देते."

"काहून?"

"मलाच द्यायचाय. तुम्ही नका देऊ."

त्याला माझं अहो-जाहो आवडत नसे. पण तो हसला. "बापरे, मॅडम बोलल्या," असं म्हणत तो गेला.

साडेअकराला मी आत गेले. फोनवरच्या आवाजावरून मी उंच, रुंद बाई मनात धरली होती. ही लहानखुरी होती, केस पांढरे, पुण्याच्या धुळीने घसा बसलेला. समोर नावांची यादी आणि पाण्याची बाटली. मी बसले आणि डबा पुढे सरकवला.

तिने झाकण उघडलं. आत पाहिलं, वाकून वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. मग डबा दोन्ही हातांनी माझ्याकडे परत सरकवला. तिच्या कंपनीचा नियम होता, आमच्यासारख्यांकडून काहीही घ्यायचं नाही, खाण्याची वस्तूसुद्धा नाही. तिने ते अगदी हळू आवाजात सांगितलं. मला वाईट वाटतंय, असंही म्हणाली.

माझ्याकडे तेवढंच होतं. ते परत आलं होतं आणि चौदा मिनिटं शिल्लक होती.

"ब्राउन शुगर कुठे मिळाली?" तिने विचारलं, बहुधा शांतता मोडायला.

मी म्हटलं, मिळाली नाही. आणि मग मी बोलायला लागले. गूळ काय असतो ते सांगितलं. उकळत्या दुधात घातला आणि दूध फाटलं, ते मला दुसरंच काही वाटलं, म्हणून मी चुकीचा उपाय केला आणि बिघाड वाढला. दुसऱ्या खेपेला दूध काढून टाकलं, पाकाची परीक्षा कशी केली, पावडर केव्हा घातली. मी टेबलाकडे बघून बोलत होते. घसा मिटला नाही. हरलेल्या माणसाचा मिटत नसावा.

ती पेन खाली ठेवून ऐकत होती. "तू डिफेक्ट रिपोर्टसारखी बोलतेस," ती म्हणाली. मग तिने कागद उलटा केला. "प्रीमियमच्या भागातले ते रिपोर्ट कुणी लिहिले?"

"मी."

"सगळे?"

त्यातले तीन टीम लीडचे होते. मला आकडा शोधावा लागला नाही. कुठले तीन तेही माहीत होतं. 'बहुतेक' हा एकच शब्द म्हणायचा होता. पण बहुतेक म्हणणारी माणसं अकरातल्या सहात येत नाहीत असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मी म्हटलं, "सगळे."

तिने माझ्याकडे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

शुक्रवारी दुपारी नावं आली. माझं होतं. त्याचं नव्हतं. लोक म्हणाले, लीडचा पगार जास्त, म्हणून काढला. तसं असेलही. आईला फोन केला तेव्हा ती "बरं झालं" म्हणाली. मग "बरं झालं गं," असं पुन्हा म्हणाली, जणू पहिलं तिलाच पुरेसं वाटलं नव्हतं.

तो पाठीला बॅग लावून माझ्या टेबलाशी आला. मी उठून त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेले. आता अमरावतीला जाईन म्हणाला, दोन महिने आईच्या हातचं खाईन, मग बघू. त्याच्या आवाजात काही फरक नव्हता.

"तुझं होणारच होतं," तो म्हणाला. "माझ्या टाइमला मी सांगून आलो होतो तिले. नावं माझी असतात, पण रिपोर्ट ह्या पोट्टीचे आहेत. बोलत नाही, पण हिला सोडू नका म्हटलं. सगळे तिचेच, दोन सोडून."

म्हणजे मी आत गेले तेव्हा तिला माहीत होतं. तिने विचारलं होतं, मी 'सगळे' म्हटलं होतं, आणि मी खोटं बोलतेय हे कळूनही तिने मला ठेवलं होतं. लिफ्ट खालून वर येत होती. मजल्यांचे आकडे बदलत होते. मी तिला काय म्हटलं ते मला त्याला सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, पूर्णविरामासकट.

"दोन नाही," मी म्हटलं. "तीन. पत्ता बदलला की हप्ता दोनदा जातो, तो रिपोर्ट पण तुमचाच होता."

तो मोठ्याने हसला. "पाहा, जातानाही माझी चूक काढली हिने," असं लिफ्टमधल्या अनोळखी माणसांना सांगत तो आत गेला, आणि दार लागलं.